गावाचा बोलका नकाशा: एक फोन, एक संगणक आणि सातवीचा वर्ग

मुलांनी कार्डशीटवर रंगवलेला गावाचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर दिसतो आहे. जुन्या आडाच्या चित्रावर टिचकी मारली की एका आजींचा आवाज येतो. १९७२च्या दुष्काळात या आडावर पाण्यासाठी रात्री कधी नंबर लावावा लागायचा, ते त्या सांगतात. पारावर टिचकी मारली की निवृत्त एसटी वाहक गावात पहिली गाडी आली त्या दिवसाबद्दल बोलतात. गिरणीवर मारली की नुसता पट्ट्याचा आवाज, आणि त्यात मिसळलेली कुणाची तरी हाक.

याला आम्ही बोलका नकाशा म्हणतो. गेली काही वर्षं सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी तो करते आहे. लागणारी साधनं सगळी फुकट आहेत. इंटरनेट सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मिळालं तरी भागतं. वर्गात संगणकाचा उपयोग आजवर फक्त व्हिडिओ दाखवायला केला असेल आणि आता मुलांच्या हातून काही घडावं असं वाटत असेल, तर इथून सुरुवात करा. आठवड्याला दोन तास मिळाले तर पाच-सहा आठवडे लागतात. शहरातल्या शाळेनं गावाच्या जागी पेठ, चाळ किंवा शाळेची गल्ली घ्यावी. परदेशात रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांना आजी-आजोबांच्या गावाचा नकाशा व्हिडिओ कॉलवरून करता येईल.

साधन शेवटी, विषय आधी

पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं. तयार नमुने देणारी एक साइट मला आवडली, म्हणून दोन आठवडे मुलांना ती शिकवली आणि मग म्हटलं, आता ‘आपला गाव’ या विषयावर पोस्टर करा. एकतीस पोस्टरं तयार झाली आणि एकतीसही सारखी दिसत होती. तोच नमुना, तीच फुलांची चौकट, नेटवरून उचललेला तोच मजकूर. एकाही पोस्टरवर आमच्या गावातली एखादी जागा नव्हती. मुलांनी कामचुकारपणा केला नव्हता. मी त्यांना साधन दिलं होतं, सांगण्यासारखं काही गोळा करायला वेळच दिला नव्हता.

तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे: आधी पायी फिरणं, मग माणसांशी बोलणं, मग कागद, आणि सर्वांत शेवटी पडदा. पुढे दिलेल्या तंत्राच्या पायऱ्या एखादी कमी-जास्त झाली तरी चालेल. हा क्रम मात्र बदलू नका.

तयारी: एका दुपारचं काम

एक स्मार्टफोन आणि एक चालू संगणक एवढ्यावर काम होतं. लॅबमध्ये पाच-सहा संगणक असतील तर उत्तमच. संगणकावर दोन गोष्टी उतरवून घ्या. इंटरनेट धड नसेल तर घरी किंवा तालुक्याला पेनड्राइव्हवर उतरवून आणा.

पहिली स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं मुलांसाठी ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली आणि २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. यात आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ब्राउझरमध्ये चालते, पण तिचं ऑफलाइन ॲपही आहे आणि शाळेसाठी तेच घ्यावं. सध्याच्या ॲपला विंडोज १० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. लॅबमधले संगणक त्याहून जुने असतील तर स्क्रॅच १.४ ही जुनी आवृत्ती त्यांवर चालते आणि या उपक्रमाला पुरते.

दुसरी ऑडॅसिटी. आवाज कापण्या-जोडण्याचं हे मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी पळतं.

या दोन्हींसाठी मुलांची खाती उघडावी लागत नाहीत, आणि मी ही साधनं निवडली त्यामागे हे मोठं कारण आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि बालकाची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. तीस मुलांच्या नावानं तीस ईमेल पत्ते काढत बसू नका. जन्मतारीख खोटी टाकून तर अजिबात नको. कुठे खातं लागलंच तर ते शिक्षकाचं.

नकाशा पायांनी काढा

पहिल्या तासाला वर्ग बाहेर काढा. पाच-पाचांचे गट करा, प्रत्येकाला एक दिशा द्या. सोबत वही-पेन्सिल, फोन नको. वेशीपासून किती पावलं, वाटेत काय लागलं, कुठे वास आला, कुठे आवाज आला, ते टिपून आणायचं. परत आल्यावर जमिनीवर खडूनं सगळ्यांनी मिळून एकच नकाशा काढायचा. इथे भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. देऊळ गिरणीच्या अलीकडे की पलीकडे यावर दहा मिनिटं वाद घातलेला वर्ग भूगोलाचा तो धडा विसरत नाही. परिसर अभ्यासाचं जे पान मी वर्षानुवर्षं वाचून दाखवत होते, ते इथे मुलं स्वतः लिहितात.

मग मोठ्या कार्डशीटवर पक्का नकाशा. जागांची नावं मुलांनी हातानं आणि ठसठशीत लिहावीत, कारण पडद्यावर गेल्यावर बारीक अक्षर वाचता येत नाही. कागद चार भाग लांब आणि तीन भाग रुंद अशा मापाचा कापा. स्क्रॅचचा रंगमंच, म्हणजे पडद्यावर चित्र दिसण्याची जागा, ४८० बाय ३६० ठिपक्यांचा असतो, म्हणजे हेच प्रमाण.

एआयकडून सुंदर चित्र मागवण्याचा मोह हल्ली होतो. या उपक्रमात तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. वाकडा पिंपळ आणि घराएवढी कोंबडी काढलेल्या नकाशात ती कोंबडी कुणाची, हे अख्ख्या वर्गाला माहीत असतं.

कुणाला, काय विचारायचं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन तास राखून ठेवले असतील तर तीन द्या.

नकाशावरच्या आठ-दहा जागा निवडा आणि प्रत्येक जागेशी नातं असलेला माणूस शोधा. सरपंच आणि गुरुजी यांच्यापुरतं थांबू नका. आडावर पाणी भरलेल्या बायका, गुरं राखलेले आजोबा, गिरणीवाले, पोस्टमन, ऊसतोडीला जाऊन आलेलं कुटुंब, माहेर दूर असलेली नवी सून, सगळ्यांचा गाव वेगवेगळा असतो.

मुलांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: ‘गावाविषयी माहिती सांगा.’ त्यावर उत्तरही भाषणासारखं येतं. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. प्रश्नात एखादी वस्तू, जागा किंवा वेळ असलीच पाहिजे. ‘आजी, या आडातलं पाणी तुम्ही शेवटचं कधी प्यालात?’ ‘तात्या, पाराखाली बसून तुम्ही कुणाची वाट बघायचात?’ ‘काकू, लग्न होऊन या वेशीतून आत आलात तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं?’ असा प्रश्न विचारला की माणूस आठवणीत शिरतो. दुसरा नियम: उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजायचे आणि गप्प राहायचं. खरी गोष्ट पुष्कळदा त्या पाच आकड्यांनंतर येते. मुलांना हे कठीण जातं, म्हणून वर्गात एकमेकांवर सराव करून घ्या.

बोली सुधारायला जाऊ नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी, जी असेल ती जशीच्या तशी राहू द्या. एका वर्षी एका मुलीनं आजीचं बोलणं ‘शुद्ध’ करून स्वतःच्या आवाजात पुन्हा वाचलं होतं. तिला वाटलं, शाळेत असंच चालतं. तो गैरसमज दूर करायला मला एक अख्खा तास लागला आणि तो तास सार्थकी लागला.

असं काम किती मोठं होऊ शकतं, हे मुलांना ऐकवायचं असेल तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या या कामात हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत. एखादी ओवी लावा आणि दोन मिनिटं वर्गाला नुसतं ऐकू द्या. नंतर मुलं घरी जाऊन विचारतात, आपल्याकडे कुणाला येतात का.

आवाज टिपताना

आमच्या पहिल्या सहा मुलाखती वाया गेल्या, कारण वर पंखा चालू होता. खोलीत आपल्याला तो जाणवत नाही, फोनला जाणवतो. म्हणून पंखा बंद, फोन विमान मोडवर, आणि घडी केलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेला. हातात धरला तर बोटांची खरखर येते.

बोलणं सुरू होण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती शांतता टिपायची. ती का, ते पुढे कळेल. त्यानंतर मुलानं रेकॉर्डिंगमध्येच विचारायचं, ‘तुमचा आवाज आमच्या शाळेच्या नकाशात वापरू का? नाव सांगितलं तर चालेल का?’ होकार आला तरच पुढे जायचं. लिहिता न येणाऱ्या माणसाची परवानगी अशी आवाजातच राहते. नंतर कुणी नको म्हटलं तर निमूटपणे काढून टाकायचं, मुलांनी कितीही मेहनत घेतलेली असली तरी.

रेकॉर्डिंगचं ॲप डब्ल्यूएव्ही किंवा एमपी३ फाइल देणारं निवडा. अनेक फोन एम४ए फाइल करतात. विंडोजवर ती ऑडॅसिटीत उघडायला एफएफएमपेग नावाची वेगळी जोडणी बसवावी लागते. नवख्या माणसानं त्यात अडकू नये.

गटातली कामं दर मुलाखतीला बदला: एक विचारणार, एक फोन सांभाळणार, एक वहीत टिपणार, एक वेळ बघणार, एक नकाशात खूण करणार. यंत्र बहुतेक वेळा मुलांकडे आणि वही मुलींकडे जाते. हे आपोआप घडतं, म्हणून शिक्षकानं ठरवून मोडायला हवं.

दहा मिनिटांचं एक मिनिट

मुलाखत दहा मिनिटांची, नकाशात मात्र एका जागेला एकच मिनिट. काय ठेवायचं हे गटानं ठरवायचं, आणि का ठेवलं ते वर्गाला सांगायचं. संपूर्ण उपक्रमात भाषेचा सर्वांत चांगला अभ्यास मला इथे होताना दिसला आहे. सारांशलेखनाचा प्रश्न परीक्षेत थोड्या गुणांना येतो. इथे मुलं एका वाक्यासाठी अर्धा तास भांडतात.

ऑडॅसिटीत फाइल उघडा आणि मूळ फाइलची एक प्रत आधीच बाजूला ठेवा. मग ती सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता माउसनं निवडा, इफेक्ट मेनूतलं नॉईज रिडक्शन उघडा आणि ‘गेट नॉईज प्रोफाइल’ दाबा. खोलीचा पार्श्वभूमीचा आवाज कसा आहे, हे सॉफ्टवेअरला आता कळलं. मग कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, पुन्हा नॉईज रिडक्शन उघडून ओके म्हणा. मागची सततची घरघर बरीच उतरते. जास्त ताणलं तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, म्हणून हात राखून करा. कोंबडा आरवला, दूर कुणी हाक मारली, तर ते राहू द्या.

नको ते भाग निवडून डिलीट करा. शेवटी आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, करून एमपी३ म्हणून बाहेर काढा. साधी स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा घेत नाही. बोलण्याचा आवाज तेवढ्यात नीट ऐकू येतो.

नकाशाला बोलतं करणं

नकाशाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद भिंतीला चिकटवून समोरून घ्या. फोनवरून संगणकात नेताना व्हॉट्सॲपनं पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन धूसर होतं.

आता स्क्रॅच उघडा. मांजर दिसेल, तिला कचऱ्याच्या टोपलीच्या खुणेवरून काढून टाका. खाली उजव्या कोपऱ्यात बॅकड्रॉपचं, म्हणजे मागच्या चित्राचं, चिन्ह आहे. त्यातून ‘अपलोड बॅकड्रॉप’ निवडून नकाशा आणा. पूर्ण पडद्यावर आपला नकाशा बघून वर्गात गलका होतो, तो होऊ द्या.

प्रत्येक जागेसाठी एक स्प्राइट लागेल, म्हणजे टिचकी मारायची खूण. तयार चित्रं न घेता ‘पेंट’ निवडा आणि गटाला स्वतःची छोटी खूण काढू द्या. आमच्याकडे एका गटानं कान काढला, एकानं घागर, एकानं भोंगा. खूण ओढून नकाशावर योग्य जागी ठेवा. मग त्या स्प्राइटच्या साउंड टॅबमध्ये जाऊन आपली एमपी३ फाइल अपलोड करा.

आता कोड टॅब. पिवळ्या गटातून ‘व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड’ हा ठोकळा ओढा. त्याखाली गुलाबीसर जांभळ्या साउंड गटातला ‘स्टॉप ऑल साउंड्स’, आणि त्याखाली ‘स्टार्ट साउंड’. त्यात आपल्या फाइलचं नाव निवडा. एवढंच. मधला ठोकळा विसरलात तर दुसऱ्या जागेवर टिचकी मारल्यावर आजी आणि तात्या एकाच वेळी बोलू लागतात. मी तो मुद्दाम आधी सांगत नाही. गोंधळ ऐकल्यावर मुलं स्वतः विचारतात, आधीचा आवाज थांबवायचा कसा? तिथे प्रोग्रॅमिंगचा धडा आपसूक सुरू होतो. ज्यांना पुढे जायचं असेल ती जांभळ्या लुक्स गटातला ‘से’ ठोकळा जोडून बोलणाऱ्याचं नाव फुग्यात दाखवतात.

ठोकळ्यांची इंग्रजी नावं बघून काही मुलं बिचकतात. कार्डशीटच्या पट्ट्यांवर तेच ठोकळे त्याच रंगात, मराठी अर्थासह काढून भिंतीवर लावा. दोन दिवसांत त्यांची गरज उरत नाही.

माउस तुमच्या हातात घेऊ नका. मूल अडकलं की हात आपोआप पुढे जातो, मलाही तो अजून मागे खेचावा लागतो. बोट पडद्याकडे दाखवा, प्रश्न विचारा, पण टिचकी त्यानंच मारायची.

उसनं साहित्य

मागे सिनेमाचं गाणं लावायची मागणी हमखास येते. सरळ नाही म्हणा आणि कारण सांगा: ते कुणाच्या तरी मालकीचं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११च्या सुरुवातीपासून सर्वांसाठी मुक्त झालं. हे उदाहरण मुलांना चटकन कळतं. जवळच्या किल्ल्याचा किंवा लेण्यांचा फोटो हवा असेल तर विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसंग्रहात शोधा आणि फोटोखाली दिलेला परवाना वाचून छायाचित्रकाराचं नाव व परवान्याचं नाव आपल्या कामात लिहा. संगीत हवंच असेल तर शाळेतला ताशा, झांजा, परिपाठातली पेटी हाताशी आहे.

याच साहित्यातून पुस्तक करावंसं वाटलं तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. २०१५ पासून चालू असलेल्या या मंचावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि तिथली चित्रं घेऊन नवी गोष्टही रचता येते. आणि कुणाला खऱ्या मोजमापाच्या नकाशावर जागा दाखवायच्या असतील तर ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर आधारलेली यूमॅप ही साइट वापरा. खातं न काढता नकाशा केला तर ती संपादनासाठी एक गुप्त दुवा देते. तो लगेच वहीत उतरवून घ्या, हरवला तर नकाशा पुन्हा बदलता येत नाही. अशा नकाशात आपलं गावच दिसेल इतपत जवळ राहा. पूर्ण देश दाखवायचा झाला तर बाह्यसीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असली पाहिजे, आणि परदेशी साइटवर ती तशी असेलच असं नाही.

गावाला दाखवणं

पालकसभेपेक्षा पारावर दाखवा. संध्याकाळी एक प्रोजेक्टर किंवा नुसता लॅपटॉप आणि देवळाचा स्पीकर पुरतो. टिचकी मारायला आधी त्यांना बोलवा, ज्यांचा आवाज नकाशात आहे.

नव्या स्क्रॅचची फाइल एसबी३ प्रकारची असते आणि ती उघडायला स्क्रॅचच लागतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी टर्बोवार्प पॅकेजर ही फुकट साइट आहे. तिथे एसबी३ फाइल दिली की ती सगळं एका एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, फाइलमध्ये बांधून देते. पेनड्राइव्हवरून कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये ती उघडते, इंटरनेटशिवायही.

ज्यांनी खास परवानगी दिली आहे त्यांचे आवाज प्रत्यक्ष जागेवरही ऐकवता येतात. एमपी३ फाइल शिक्षकाच्या गूगल ड्राइव्हवर ठेवा, दुवा ज्याच्याकडे आहे त्याला फक्त ऐकता येईल असं करा आणि त्या दुव्याचा क्यूआर कोड छापून आडाच्या कठड्यावर चिकटवा. क्यूआर क्रोम ब्राउझरच्या शेअर मेनूतून तयार होतो. अनेक साइट फुकट म्हणून कोड देतात आणि काही दिवसांनी तो बंद पाडून पैसे मागतात, तिकडे जाऊ नका. छापील चिठ्ठीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हा मोफत युनिकोड फॉन्ट चांगला दिसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका, दुसऱ्या संगणकावर त्या अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. चिठ्ठीवर मुलांची आडनावं आणि चेहरे नकोत.

जपून ठेवणं

एका सुट्टीत लॅबमधला संगणक फॉरमॅट झाला आणि त्या वर्षीचे सगळे आवाज गेले. त्यातल्या दोन आजी आता नाहीत. तेव्हापासून प्रत्येक मूळ रेकॉर्डिंग तीन ठिकाणी असतं: शाळेचा संगणक, मुख्याध्यापकांच्या कपाटातला पेनड्राइव्ह आणि ड्राइव्ह. ज्यांनी आवाज दिला त्यांच्या घरी कुणाच्या तरी फोनवर पूर्ण दहा मिनिटांची फाइल मुलं स्वतः जाऊन देतात. फाइलचं नाव आधी वर्ष, मग जागा, मग नातं असं लिहायचं: ‘२०२४-आड-आजी’. पुढच्या वर्षीच्या सातवीला हाच नकाशा द्या. आमच्या नकाशात नदीपलीकडची वस्ती अजून कोरी आहे, तिथली मुलं यंदा सातवीत आली आहेत.